गळका शॉवर

अहमदपूरच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत प्लंबर उद्धव दोन बायांच्या मागं बसला होता.

"इंदूवैनी, शॉवर गळायचा थांबला का?"

"थांबला की. तवापासून घरात भांडण हाय."

"ते कसं?"

"अगं, शॉवरखाली न्हातंय कोण आमच्यात! रात्रभर त्याच्याखाली बादली भरायची, सकाळी सासूबाई त्याच्यातच आंघोळ करायच्या. आता म्हणतात, चांगला गळता शॉवर त्या मेल्या प्लंबरनं बिघडवून ठेवला."

"मग नळ सोडून भरा की बादली!"

"न्हाई. नळ सोडला की नासाडी, गळून आलं ते फुकटचं, म्हणून बसल्यात."

"मग आता?"

"दुसरा प्लंबर हुडकायलेय. हाय का कुणी, धड काम न येणारा?"

मागून उद्धव लगेच म्हणाला, "आमच्या मेव्हण्याचा नंबर घ्या, ताई."