इनायतभाईचं घोरणं

…आन् वरून लोकं मलेच म्हणे, "वारलू, तू काऊन जागतं बे?" आता काऊन जागतो! तुमाले सांगतो, बल्लारपूरले कोळसा खाणीचे क्वार्टर, मधात एका विटेची भिंत, पलीकडे इनायतभाई फिटर, आन् त्याचं ते घोरणं... घोरणं कायचं जी, मालगाडी! बारा वर्षं! पहाटे पाचले माही पाळी, माणसानं झोपावं कवा? त्याच्या बायकोले, आबिदाभाभीले, कानानं ऐकू येत नाई, म्हणून तर संसार टिकला! बरं, घोरते तर घोरू दे, पण मधातच बंद पडे. एकदम चूप. मी खाटेवर उठून बसो, मोजो... दहा, वीस, तीस... गेला का काय बुढा? आन् मंग असा भडकन सुरू होये का माह्या छातीत धस्स!

मंग सत्त्याऐंशी साली त्याले लकवा मारला. उजवं अंग पडलं, जबान गेली. सुया झाल्या, मालिश झाली, कोणी म्हणे कबुतराचं रक्त चोळा, तेही चोळलं; दोन महिने झाले, बोट हालन तर शपथ! नागपूरचा एक तरणा डॉक्टर पाहाले आला. भाभीच्या कानापाशी वरडून विचारते, "झोपेत यांचा श्वास थांबतो का?" भाभी म्हणे, "मेरे को क्या मालूम?" म्या मागून वरडलो, "सायेब, मले विचारा ना! चाळीस मोजेपर्यंत थांबते!" डॉक्टर म्हणे, "म्हणूनच इलाज लागू पडत नसेल. परदेशात यासाठी मशीन निघाली आहे, इथं नाही. उताणं झोपू देऊ नका. श्वास थांबला की उठवून कुशीवर करा." उठवन कोण? सारे माह्याकडे पाहून राह्यले... मीच मशीन!

झालं! घोरणं बंद पडलं का म्या बेलण्यानं भिंत ठोकाची, तिकडे इनायतभाईनं डाव्या हातानं खाटेले बांधलेली दोरी ओढून कुशीवर व्हाचं. एका रात्री वीस डाव! माही बायको कमला म्हणे, "लग्न माह्यासंगं केलं का भिंतीसंगं?" माणसानं झोपावं कवा, सांगा! पण महिन्याभरात, बाप्पा, त्याचं बोट हाललं. मंग कपबशी धरली. आन् एक दिवस ओट्यावर बसून, तोंड वाकडं करून, "वा...लू" म्हणे. खाणीतला माणूस मी, लेकरावानी रडलो जी.

मंग तिकडे डोंगरावर जिवती गावाले माह्या साळीच्या पोरीचं लग्न आलं, कमलाले आन् मले दोघांलेही जाणं आलं. इनायतभाईनं हातानंच सांगितलं, जा, एका रात्रीनं काय होते! लग्न लागल्यावर संध्याकाळी तिथून बांबूचा ट्रक बल्लारपूरले निघाला होता, ड्रायव्हर हारन वाजवे, "वारलू, येतं का बे?" म्या म्हटलं, जा बाबू तू, सकाळी येतो. एक रात्र तर हाये! मांडवात सतरंजीवर पडलो, ना घोरणं, ना भिंत... असा झोपलो, असा झोपलो का तोंडावर ऊन आलं तवा उठलो.

दुपारी येतो तर क्वार्टरापुढं ही गर्दी. पहाटे दुसरा झटका आला म्हणे. भाभीले उजाडल्यावर समजलं. कब्रस्तानात माती झाली, मी वापस आलो, दारामागूनच आबिदाभाभी म्हणे, "वारलूभाऊ, लय रात्री जागले तुमी आमच्यासाठी. अब सो जाव."

म्या म्हटलं, "झोपलो ना भाभी. जिवतीले झोपलो."