लाडवाच्या डब्यातला कागद

मंडळी, ऐका. आधी एक विचारतो. आपल्या वाट्याला आलेलं दुःख — त्याचं करायचं काय? कुलूप लावून ठेवायचं, की वाण म्हणून लुटायचं? हसताय? आजऱ्यात एका बाईनं लुटलं!

रोहिणी लोहार तिचं नाव. पहिलटकरीण. लेक झाली, गार्गी. अंगावरचं दूध पोटात गेलं की पोर ओकायची. पिवळी, सुस्त. घरचे म्हणाले, आणखी पाज. तिनं पाजलं — मायेनंच पाजलं हो! हजारोंत एखाद्या बाळाला दूधच बाधतं, हे कळेतो दोन महिने गेले. गार्गी वाचली, पण नजर अधू झाली, बोलणं मागं पडलं.

रोहिणी रडली. मग उठली. चार-पाच वर्षं दवाखाने धुंडाळून अशाच सहा आया तिनं जोडल्या. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय? छापील कागद! ‘बाळ दूध ओकतंय? पिवळं पडलंय? थांबू नका, डॉक्टरांना ही तपासणी विचारा.’ खाली तपासणीचं नाव, तिचा फोन.

शेजारच्या हौसाक्का म्हणाल्या, “अगं, चहाची गाळणी तरी द्यायचीस!” कागद घरी नेला, लाडवाच्या डब्याच्या तळाला घातला. आपणही तेच केलं असतं — खरं सांगा!

चैत्रात हौसाक्कांची सून बाळंत झाली. आठव्या दिवशी नातू ओकू लागला, पिवळा पडला. अक्का सुनेला सांगतायत, आणखी पाज. तेच शब्द, मंडळी! आणि बाळंतिणीसाठी डिंकाचा शेवटचा लाडू काढला, तर तुपानं भिजलेला कागद तळातून वर बघतोय — ‘थांबू नका.’

भरदुपारी अक्का अनवाणी रोहिणीच्या दारात. तिनं फोन फिरवले, बाळाला घेऊन कोल्हापूर गाठलं. तपासणीत तेच निघालं. दूध त्याच दिवशी बदललं. पोर वाचलं!

पुढच्या संक्रांतीला अक्कांनी रोहिणीची ओटी भरली, नातू गार्गीच्या मांडीवर ठेवला. गार्गीनं बोटांनी त्याचं तोंड चाचपलं अन् खुदकन हसली.

“पोरी, तुझ्या लेकीनं माझा नातू राखला.”

“मग यंदाचं वाण तुम्ही लुटा, अक्का.”

अन् कागद वाटताना अक्का गुणगुणल्या, रोहिणीच्या वतीनं —

माझ्या दुधानं गं बाई, माझं लेकरू पोळलं,
तुला वेळेवर कळो, मला उशिरा कळलं.

अशा आईला हात जोडा, मंडळी. आणि घरी गेलात की तुमचा डबा रिकामा करा. तळाशी कुणा आईचा कागद अंथरलाय का बघा, तो वाचा — आणि शेजारच्या घरी नेऊन द्या.