शाब्बास सर

...आन एवढा कडा चढून वर पोचल्यावर गिऱ्हाईकांचा पहिला सवाल काय, तर "सर, इथं चहा मिळतो का?" चहा! येडशीच्या डोंगरात, जिथं माकड बी दोनदा इचार करतं, तिथं ह्येंना चहा पाहिजे, त्यो बी बिनसाखरेचा. म्हणून तुमाला सांगतो, शौकाचा धंदा करू नये.

न्हाय, चूक माझीच. म्या जैनोद्दीन, मिसरूड फुटायच्या आधीपास्नं डोंगर चढतोय. समदं धाराशिव हसायचं, "जैनू, वर काय ठिवलंय रं?" आरं, काय ठिवलं न्हाय म्हणून तर जायाचं! पण आमच्या घरवालीनं, अन्वरीनं, भाकरी थापता थापता भुणभुण लावली, "एवढं चढताच हाय, तर लोकास्नी घिऊन चढा की. हात हालवत काय येता?" पटलं. परीक्षा दिली, बिल्ला मिळाला, गाईड झालो. वाटलं, आता रोज डोंगर. निघालं काय, तर रोज गिऱ्हाईक.

आन गिऱ्हाईक तरी कसलं? लातूरचे एक साहेब दोराला लोंबकळत फोनवर सांगतायत, "हां, मीटिंगमध्ये आहे." एक बाई अर्ध्यात बसल्या, म्हणतात, "उतरायचा दुसरा रस्ता दाखवा, सावलीचा." आन म्या काय म्हणायचं? "शाब्बास सर. पाय इथं ठेवा सर. खाली बघू नका म्याडम, लई भारी." दिवसभर तेच, तोंडाला फेस येस्तवर. वर गेलं की ह्येंचे फोटू काढायचे. समद्या फोटूत माझी सावली तेवढी हाय. डोंगराकडं बघायला मलाच सवड न्हाय. शौकाचा धंदा... जाऊ द्या.

खरं दुखणं वेगळंच हाय. दगडोबा. माझा जोडीदार, मला चढायला शिकवलं ते त्यानंच. आमची एक रीत होती, कड्यावर बोलायचं न्हाय. दोर बांधला की तोंड बंद. दोराला एक झटका म्हंजे थांब, दोन म्हंजे ये. बास. उभा जन्म आमी असंच चढलो, आन त्या दोरातनं मला त्याचा राग कळायचा, भ्याव कळायचं, घरी भांडून आलाय का ते बी कळायचं. अन्वरीशी बोलून जमलं न्हाय तेवढं दगडोबाशी न बोलता जमलं.

मागल्या आठवड्यात गिऱ्हाईक न्हवतं. दगडोबा म्हणाला, "चल, आज आपलं आपण." काळीज सुपाएवढं झालं बगा. म्या वर जाऊन दोर धरला, खालनं त्यो निघाला. आता त्याचा गुडघा जरा कुरकुरतो. पहिल्याच खाचेपाशी पाय अडला, थरथरला, आन माझ्या तोंडातनं, तौबा तौबा, आपसूक गेलं, "शाब्बास सर! खाली बघू नका सर!"

दगडोबाला. ज्यानं मला दगडावर पाय ठिवायला शिकवलं, त्याला म्या शाब्बास म्हणलो, आन वर सर!

त्यानं मान वर केली न्हाय. शिवी बी दिली न्हाय, दिली असती तर बरं झालं असतं. दोराला एकच झटका दिला. थांब. म्या थांबलो. मग दोर हलका झाला. गाठ सोडून, गुडघा धरत, त्यो गपगुमान उतरून गेला. हातात मोकळा दोर घिऊन म्या वर बसलो. त्या दिवशी फोटू काढायचे न्हवते, डोंगराकडं बघायला सवड होती, पण बघवंना.

तवापास्नं दगडोबा एकटाच चढतो. कालच्या गिऱ्हाईकानं पायथ्यालाच बोट दाखवलं, "सर, तो वर म्हातारा कोण? तुमचा माणूस आहे का?"

काय सांगू? म्हणलं, "न्हाय."

"मग एकटा कशाला चढतोय? काही मिळतं का वर?"

"काय न्हाय मिळत."

"वेडा आहे का मग?"

"व्हय साहेब. मला बी व्हतं तसलं. आता बरा हाय मी." आन दोर बांधला त्येंच्या कमरेला. "चला, पाय इथं ठेवा. शाब्बास सर."