न लागलेली डिस्क

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या जहाज कंपनीचे जनरल मॅनेजर साहेब, माझ्याविषयी इतकं चांगलं बोलून मला पार अवघडून टाकणारे प्रमुख पाहुणे कप्तान साहेब, व्यासपीठावरील इतर मान्यवर, माझे सहकारी, बोटींवरून सुट्टीवर आलेली मंडळी आणि त्यांच्या घरची सगळी लहानथोर माणसं, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

खरं म्हणजे या वेळी मी बोलायचंच नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी बनवलेली डिस्क या वेळी पडद्यावर दिसायची होती आणि मी पहिल्या रांगेत रुमाल हातात घेऊन बसायचं होतं. काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. प्लेअरने डिस्क आत घेतली, थोडी घरघर केली, 'डिस्क वाचता येत नाही' असं लिहून टाकलं आणि हात वर केले. मग ती काढून पुसण्यात आली. ज्यांनी पुसली त्यांनी शर्टाच्या टोकाने गोल गोल पुसली, हे मी पाहिलेलं आहे. पण आज निरोपाचा दिवस आहे, सोडून देतो. पुन्हा घातली, पुन्हा तेच. शेवटी आस्थापना विभागाच्या बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो काका, वर तुमच्या खोलीत तर छान चालली होती!"

बाई, वाईट वाटून घेऊ नका. हे वाक्य ऐकतच मी म्हातारा झालो. "घरी तर चालली होती." "दिरांच्या कॉम्प्युटरवर तर चालली होती." जी डिस्क कुठेच चालली नव्हती, अशी एकही डिस्क माझ्याकडे कधी आली नाही!

नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला, माझी खोली. एक कॅमेरा, एक रेकॉर्डर आणि मागे निळा पडदा. बोटीवर गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी तिथे यायचं, कॅमेऱ्यासमोर बसून त्याच्याशी बोलायचं, मी त्याची डिस्क बनवायची, आणि ती बोटीच्या टपालातून जायची. बोटीवर मेसमध्ये फळीला स्क्रूने आवळलेला एक साधा प्लेअर. त्यालाच सगळ्यांनी डोळे लावून बसायचं. आणि हा साधा प्लेअर म्हणजे एक नंबरचा हट्टी प्राणी. कॉम्प्युटर समजून घेतो, सांभाळून घेतो. प्लेअर घेत नाही.

या कामावर माझी नेमणूक कशी झाली, ठाऊक आहे? मी भरती झालो तो बोटीवर जायलाच. तेव्हाचे साहेब म्हणाले, "घरी कोण कोण?" मी म्हटलं, "आई होती, गेल्या वर्षी गेली. आता कोणी नाही." साहेब म्हणाले, "मग तुला काय घाई? तू इथेच थांब." ज्याची वाट पाहणारं घरी कोणी नाही त्याला किनाऱ्यावर ठेवला, आणि ज्यांची लेकरं दारात उभी, त्यांना समुद्रावर पाठवलं. कंपनीचा कारभार उत्तमच होता, अध्यक्ष महाराज, मी तक्रार करत नाही.

पहिल्या पहिल्यांदा काही जण डिस्क घरीच बनवून आणत आणि नुसती टपालात टाकायला माझ्याकडे देत. एका बोटीवरच्या आचाऱ्याची डिस्क अशीच आली. भावाने घरच्या कॉम्प्युटरवर बनवलेली. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली, स्वच्छ चालली. त्यात आचाऱ्याची मुलगी पहिल्यांदा चालत होती. डिस्क गेली. बोटीवरच्या प्लेअरला ती काही केल्या लागेना. आचारीबुवांनी ती उशाखाली ठेवली आणि प्रत्येक बंदरात उतरून दुकानादुकानातून लावून पाहिली. कुठेच नाही, आणि शेवटी एका दुकानात ती राहूनच गेली. ते परत आले तेव्हा मुलगी अंगणभर धावत होती आणि यांना पाहून आजीच्या मागे लपत होती.

ते माझ्या खोलीत आले. मला वाटलं, आता हा माणूस माझी हजेरी घेणार. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही ती पाहिली होती ना?"

"पाहिली होती."

"मग सांगा ना, काय होतं."

मी सांगितलं. पिवळा फ्रॉक होता. भिंतीला धरून उभी होती. आजीने टाळ्या वाजवल्या तशी भिंत सोडली. त्यांनी विचारलं, "आधी कुठला पाय टाकला?" मी म्हटलं, "उजवा." जाताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले. सभ्य स्त्री-पुरुषहो, माझे हात असे कोणी धरल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

त्या डिस्कमध्ये बिघाड काहीच नव्हता. ती बंद केलेली नव्हती, एवढंच. लिहून झाल्यावर मशीन विचारतं, आता डिस्क बंद करू का? हो म्हटलं की तिच्यात पुढे काही भरता येत नाही, पण ती कुठल्याही प्लेअरवर लागते. नाही म्हटलं की जागा शिल्लक राहते, पण ती परक्या प्लेअरला वाचता येत नाही. आणि आपल्या माणसांचं काय होतं? कोणीतरी यायचं राहिलेलं असतं. "थांबा हो, आजोबा अजून बोलले नाहीत." "आत्याबाई रविवारी येणार आहेत." अशा वेळी बंद करा म्हणायला जीभ रेटत नाही. मी आज्यांना सांगायचो, "आजी, पार्सलला दोरी बांधल्याशिवाय पोस्टात घेत नाहीत. तसंच आहे हे." मग त्या नाइलाजाने हो म्हणायच्या आणि माझ्याकडे असं बघायच्या, जसं काही मीच त्यांच्या मुलाला बोटीवर पाठवलं.

आचारीबुवा येऊन गेल्यावर बोटीवर असतो तसलाच एक प्लेअर मी मागून घेतला आणि प्रत्येक डिस्क त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून पाहिल्याशिवाय टपालात टाकायची नाही असं ठरवलं. मधेच कुठे अडखळते का, हे नुसतं सुरुवात पाहून कळत नाही. पाहायची तर पूर्णच पाहायला हवी. कप्तान साहेब आत्ता ज्या कर्तव्यनिष्ठेबद्दल बोलले, ती ही. आता मी जातोच आहे, तर खरं सांगतो. मला ते आवडायचं. लोक घरी जायचे आणि मी खोलीत बसून तुमची घरं पाहायचो. तुमच्याकडे कोणाला दात आले, कोण नापास झालं, कुठल्या सुनेचं कुठल्या सासूशी बिनसलं, सगळं मला ठाऊक. कॅमेऱ्यासमोर तुम्ही "आम्ही मजेत आहोत" म्हणताना कोणाचा आवाज कापायचा, तेही ठाऊक. कधी कधी पडद्यावरची बाई म्हणायची, "जेवलात का? वेळेवर जेवत जा." ती आपल्या नवऱ्याला म्हणायची हो, पण खोलीत मीच असायचो. मी हळूच म्हणायचो, "जेवतो."

हसा, हसा. हसण्यासारखंच आहे ते.

एकदा फळांच्या दुकानात एका इंजिनिअर साहेबांच्या सौभाग्यवती दिसल्या. बरोबर त्यांची धाकटी. तिचे सगळे वाढदिवस मी पाहिलेले. न राहवून मी वाकून विचारलं, "काय गं चिमणे, पुढचा दात आला का?" आईने चटकन तिला दुसऱ्या बाजूला ओढून घेतलं. त्यांचं काही चुकलं नाही. त्या नेहमी कॅमेऱ्याकडे बघायच्या, कॅमेऱ्यामागे कोण उभा आहे हे त्यांनी कशाला बघावं? मग ओळख पटली, "अगं बाई, डिस्ककाका तुम्ही!" म्हणून त्या खूप हसल्या, मीही हसलो. फळं मात्र न घेताच घरी आलो. त्या दिवशी घर फार मोठं वाटलं.

असो. आता बोटीवर फोन लागतो, चेहरासुद्धा दिसतो. माझी खोली बंद होते आहे, ते योग्यच आहे. त्याबद्दल मला शब्दानेही काही म्हणायचं नाही.

आता तुमच्या डिस्कबद्दल. मी गेल्या आठवड्यात रजेवर होतो, तेव्हा तुम्ही माझ्याच खोलीत, माझ्याच रेकॉर्डरवर ती बनवलीत. बाईंना मी आत्ता हळूच विचारलं, "बंद केली होती का?" त्या म्हणाल्या, "नाही काका. ते आचारीबुवा येतो म्हणाले होते ना, त्यांच्यासाठी जागा ठेवली." आचारीबुवा आलेले दिसत नाहीत. लांब राहतात, गुडघे दुखतात म्हणे.

तेव्हा परिस्थिती अशी आहे. रेकॉर्डरवर बनवलेली डिस्क बंद केलेली नसेल तर कॉम्प्युटरचाही भरवसा नाही, ती ज्या मशीनवर बनली त्याच मशीनवर चालते, आणि तिला बंदही तेच मशीन करू शकतं. ते मशीन वर आहे आणि उद्या सकाळी भंगारवाला ते न्यायला येणार आहे. म्हणजे ती आजच पाहायला हवी आणि आजच बंद करायला हवी. नाहीतर मी घरी एक चकचकीत ताटली घेऊन जाईन, तिच्यात तुम्ही सगळे असाल, आणि मला कोणीच दिसणार नाही.

हे काम मला एकट्याला जमण्यासारखं आहे, हे तुम्ही जाणताच. मी ते करीनही. पण अध्यक्ष महाराज, इतकी वर्षं त्या खोलीत मी प्रत्येक डिस्क एकट्याने पाहिली. त्या सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या, म्हणून निभावलं. ही माझी आहे. ही मला एकट्याने पाहवणार नाही. खाली चहा आहे, ऑफिसची बसही लवकर सुटते, जिनाही चढायचा आहे, याची मला जाणीव आहे. तरीही विचारतो.

आपण सर्वांनी हा समारंभ घडवून आणलात, माझ्यासाठी वेळ काढलात, बाईंनी मला पत्ताही लागू न देता गुपचूप एवढा खटाटोप केला, त्याबद्दल मी सगळ्यांचा मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाच्या घरातलं काही बाहेर पडलं असेल, कोणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

मी वर जातो. कोणीतरी येईपर्यंत सुरू करणार नाही.