बंद फिल्टर आणि लग्नाचा मांडव

अरे, बोरी अरब गावातल्या त्या लग्नाचं तुम्हाला सांगितलंच नाही. माझ्या प्लँटवरून तिथे पाण्याचे चाळीस कॅन गेले आणि मग कळलं, फिल्टर सकाळपासून बंदच होता. भागीदार म्हणाला, "पानी थंड हाय ना? कोनाले समजते!"

पण मला एका जागी बसवेना. शेवटी गाडी काढली, थेट मांडवात शिरलो आणि माइक घेऊन ओरडलो, "कॅनचं पाणी पिऊ नका!"

नवरीचे वडील धावत आले. मी हात जोडून खरं ते सांगितलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. "सांगतलं ते बरं केलं भाऊ. पन मले फोन कराचा ना, माइकवर कायले?"

फोन माझ्या खिशातच होता. त्या घालमेलीत आठवलाच नाही!