दहापासून मोजलं

हॅलो?… हो, बोल गं. नाही, झोपले नव्हते. हळू बोलतेय, कारण बाबा इथेच खुर्चीत आहेत, डोळे मिटून… झोपलेत कुठले! अर्धांगाचा झटका येऊन दीड महिना झाला, रात्रीत दोन तास डोळा लागला तर खूप.

हो, नेलं होतं ना काल अ‍ॅक्युपंक्चरला, कानाच्या सुयांसाठी… अगं ऐक ना! झोपेची गोळी बंद नाही केली. आई खुळावली असं वाटलं का तुला? मेंदूच्या डॉक्टरांना विचारूनच गेले. गोळी वाढवली की तोल जातो यांचा. म्हणून म्हणाले, गोळी आहे तेवढीच ठेवा, जोडीला हे करून बघा.

हो… बारीक सुया, अर्धा तास. नंतर मोहरीएवढे दाणे चिकटपट्टीने लावून दिले. दिवसातून चारदा दाबायचे, थोडं दुखेपर्यंत… चिडवलं ना! म्हटलं, या वयात कान टोचून घेतलेत तुम्ही! हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले.

नाही, बोलत नाहीत अजून. 'हं' आणि 'पाणी', बस.

त्या सुयावाल्या बाई फार चौकस. त्या रात्री काय झालं, कसं झालं, सगळं विचारत होत्या. मी सांगितलं, दहाला नीट झोपले, सहाला उठवायला गेले तर उजवी बाजू… हो, तुम्हा सगळ्यांना सांगितलं तेच.

…नाही गं, रडत नाहीये.

ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला सांगता यायचं नाही. त्या रात्री तीनला उठवलं होतं त्यांनी मला. घड्याळ बघितलं मी. आत्ता पाणी पिऊन आलो तेव्हा ठीक होतो, आता हात बधिर झालाय म्हणाले. मी म्हटलं, 'अंगाखाली आला असेल. झोपा आता, सकाळी बघू.' आणि कूस बदलली.

हो. झोपले मी.

थांब, पुढे आहे. दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेसहा. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचे ठणठणीत कधी होते? तीनचं सांगायची लाज वाटली गं. 'रात्री दहाला' म्हटलं. त्यांनी दहापासून मोजलं. म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं, वेळ गेली. मी तिथेच उभ्या उभ्या वजाबाकी केली. तीन ते साडेसहा. साडेतीन… आणि तरी तोंड उघडलं नाही.

मोजतेयस ना तूही?

हो. एक तास हातात होता.

ऐकू देत. त्यांना माहीतच आहे. रात्रभर माझ्याकडे बघत पडलेले असतात… उद्या डॉक्टरांना सांगणार आहे. आधी तुला… थांब. एक मिनिट.

अगं, मान कलली यांची. झोप लागली वाटतं… की… त्या दिवशीही असंच दिसत होतं. झोपल्यासारखं. उठवू का गं? दीड महिन्यांनी नीट लागलीये, उठवू?… फोन ठेवू नकोस! हात दाबतेय, काहीच नाही… अगं हा उजवाच. थांब, कानाचा दाणा दाबते. अहो… अहो, ऐकताय ना?

हां. उघडले डोळे. दुखलं.

काहीतरी बोलले… हो, शब्द. दोन शब्द.

…

'सकाळी बघू' म्हणाले.

अगं, दुपारचे तीन वाजलेत.

मिटले पुन्हा डोळे… नाही, नाही उठवत आता. ठेव तू. मी जागी आहे.