ट्रूडी, बीळ आणि कॉफीचा डबा

नाही, पण तुम्हीच सांगा, ससा एक, रान एक, वास एक, मग कुत्र्यांचे तीन-तीन वर्ग कशाला हवेत? पण हे आमच्या ओहायोच्या डॅक्सहुंड कुत्र्यांच्या क्लबात, माग काढायच्या स्पर्धेत, सेक्रेटरी विनिफ्रेडबाईंसमोर बोलून बघा! गळ्यात दोरीचा चष्मा, हातात कॉफीचा रिकामा डबा, आणि मान वर न करता, ‘नर वेगळे, माद्या वेगळ्या, चॅम्पियन वेगळे. नियम म्हणजे नियम, लॉईड!’

लॉईड म्हणजे मीच हो. जन्मभर शाळेची बस चालवली, बसभर कार्टी नुसत्या आरशातून बघून गप्प केली, पण या बाईपुढे माझीच दातखीळ बसते.

तर आमची ट्रूडी. वय अकरा, तोंड पांढरं झालेलं, पाय मुळातच आखूड आणि त्यात आता सांधे धरलेले. चॅम्पियन व्हायला पहिला नंबर हवा, फक्त एक! दुसरा आला, तिसरा आला, पहिला काही येत नाही... आणि जनावरांचा डॉक्टर म्हणाला, ‘हा हंगाम शेवटचा, मग सोफा.’ म्हणजे हंगामातल्या शेवटच्या स्पर्धेत, त्या शनिवारी, जिंकली तर जिंकली, नाहीतर राहिलंच की! मला रात्रभर झोप नाही, आणि ही माझ्याच उशीवर घोरतेय.

आता माद्यांच्या वर्गात कुत्री सोडायची जोडीजोडीनं, आणि जोड्या कोण लावणार? तो डबा! चिठ्ठ्या टाकल्या, खुळखुळ हलवल्या, विनिफ्रेडबाईंनी एक काढली, ट्रूडी... दुसरी काढली, झिपी! तुम्हाला सांगतो, माझ्या मेहुण्याची, डेलची झिपी. दोन वर्षांची, नुसती भिंगरी. म्हटलं, ‘बाई, घरातल्या घरात कशाला लावता, पुन्हा हलवा ना जरा.’ तर, ‘नियम म्हणजे नियम, लॉईड!’ बायकोकडे बघितलं, तर अर्लीन म्हणते, ‘मला मध्ये घेऊ नकोस. एक नवरा, एक भाऊ, मी आपली कुत्र्यांच्या बाजूनं.’

मग काय, काठ्या घेऊन आम्ही ओळीनं झुडपं बडवत निघालो. ज्याला ससा दिसेल त्यानं ओरडायचं ‘टॅली-हो!’ आणि तिथंच थिजायचं, मग जोडी आणून नेमकी त्या वासावर ठेवायची. सशाला कुणी हात लावत नाही हो! कोण किती अचूक माग काढतं एवढंच परीक्षक बघतात. ससे मजेत, कुत्री मजेत, काटे फक्त आमच्या विजारीत.

डेलच ओरडला, टॅली-हो! झिपी सुटली ती बोंबलत नाकासमोर, आणि ट्रूडी आपली एकेक काडी हुंगत, सावकाश, बाजारात भाजी निवडावी तशी... आणि मध्येच वळली की काटेरी जाळीत! ‘च्च, म्हातारी चुकली,’ मागून कुणीतरी म्हणालं. पण कसली चुकतेय! ससाच तिकडे वळला होता, बिळात शिरला होता, आणि त्याच्या मागोमाग ट्रूडी बिळात! परीक्षक खूश, कारण बिळात घुसायलाच तर ही जात. तेवढ्यात झिपीही चूक उमगून मागे फिरली, तिनंही जाळीपर्यंत माग काढला. परीक्षक म्हणाले, ‘पहिल्या नंबरासाठी या दोघींचीच पुन्हा एक फेरी.’

पण फेरीला बिळातून बाहेर कोण येणार? ससा पलीकडच्या तोंडानं केव्हाच पसार, आणि ही आत खोदतेय! मी पालथा पडून, ‘ट्रूडी, बाळ, ये ना गं...’ सॉसेज दाखवलं, अर्लीननं लाडीगोडी लावली, आतून नुसती गुरगुर आणि माझ्या तोंडावर माती. वर विनिफ्रेडबाई घड्याळ बघत, ‘पुकारा झाला की कुत्रं हजर हवं, नाहीतर बाद. नियम...’ ‘माहीत आहे हो!’ मी ओरडलो, बिळातच!

तेवढ्यात डेल म्हणतो, ‘दाजी, गाडीची किल्ली द्या.’ ‘आता गाडी कशाला रे?’ ‘द्या हो आधी!’ पठ्ठ्या गेला, माझा पिकअप चालू केला आणि हॉर्न दाबून धरला... आणि बिळातून मातीचा एक लांबुडका गोळा बाहेर! आपल्याला टाकून गाडी चालली म्हणजे काय? पुढची सीट तिची, अर्लीनसुद्धा मागे बसते! मी तिला उचललं आणि पुकाऱ्याच्या आधी धापा टाकत पोचलो. डेलला म्हटलं, ‘गाढवा, नाहीतर तुझीच जिंकली असती की!’ तर म्हणतो, ‘दाजी, बिळात बसलेल्या म्हातारीला हरवलं म्हणून कुणाला सांगू?’ भरून आलं हो मला. मेहुणा असला तरी भरून आलं.

आणि दुसऱ्या फेरीत झिपी पुन्हा वळणावर पुढे निघून गेली, ट्रूडी वळली, काडी-काडी हुंगत... आणि जिंकली! चॅम्पियन! मी रडलो, अर्लीन रडली, ट्रूडीनं सॉसेज खाल्लं. आणि विनिफ्रेडबाई चक्क हसल्या, तिथंच मी सावध व्हायला हवं होतं... हसल्या आणि डबा माझ्या हातात दिला. ‘अभिनंदन! ज्याचं कुत्रं चॅम्पियन, तो पुढच्या वर्षी क्लबचा सेक्रेटरी. वर्ग लावायचे, सोडत काढायची.’ ‘अहो, पण मला हे वर्गच पटत नाहीत!’ ‘नियम म्हणजे नियम, लॉईड!’

तर आज, वर्षानंतर, ट्रूडी गाडीत पुढच्या सीटवर घोरतेय आणि मी इथं डबा घेऊन उभा. मघाशी डेल आला, अगदी जवळ येऊन म्हणतो, ‘दाजी, झिपीची जोडी फार तगड्या कुत्रीशी निघाली, पुन्हा हलवा ना जरा डबा. गेल्या वर्षी मी हॉर्न वाजवला होता की...’ खरंय हो, त्याचे उपकार मी थोडेच विसरलोय! डब्याकडे बघितलं, डेलकडे बघितलं, मनात म्हटलं, हलवू एकदा, कोण बघतंय... आणि तोंड उघडलं तर बाहेर काय यावं?

‘नियम म्हणजे नियम, डेल!’

आणि हा चष्मा माझ्या गळ्यात कधी आला, देव जाणे.